गाठ मी झाकली नाही

मंदे, मी गाव सोडलं त्या सकाळी आई सिन्नरच्या स्टँडपर्यंत आली होती. ह्यांना एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी लागली होती. एसटी सुटताना आई खिडकीशी येऊन म्हणाली, "तिथं आपलं कोणी नाय. दुखलं-खुपलं तर सोसायचं, बोलून दाखवायचं नाय."

पाच-सहा वर्षं तसंच वागले. क्वार्टरमध्ये नळ होता, गॅस होता, तक्रारीला जागा नव्हती. मग एकदा आंघोळ करताना डाव्या स्तनात बोराएवढी गाठ हाताला लागली. दुखत मुळीच नव्हती, म्हणून दोन महिने गप्प बसले. दिवाळीला गावी आले तेव्हा आईला सांगितलं.

"लेप लावू," ती हळू आवाजात म्हणाली. "परक्या डॉक्टरापुढं अंग उघडं करती का?"

आपल्या आत्यानं लेपच लावले होते. जखमेला वास सुटला तेव्हा घरात कळलं, आणि मग काही करता आलं नाही.

"आत्यानं झाकलं," मी म्हणाले. "मी झाकणार नाय."

भाऊबीजेला न थांबता मी परत निघाले. तू रुसली होतीस.

नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी आधी हातानं तपासलं, काखही चाचपली. मग मॅमोग्राफी केली, सुईनं गाठीतलं थोडं काढून तपासायला पाठवलं. "बऱ्याच गाठी साध्या असतात," त्या म्हणाल्या, "पण तपासल्याशिवाय कळत नाही."

माझी साधी नव्हती. ऑपरेशनमध्ये डावा स्तन गेला, केमोत केस गेले. ह्यांनी रजा टाकून मला भात भरवला. तशीच चुलतभावाच्या लग्नाला आले. बाया कुजबुजल्या.

"पदर तरी घे डोक्यावर," आई म्हणाली.

"बघू दे त्यांना. विचारलं तर सांगीन."

विचारलं कोणीच नाही. चुलीपाशी तू तेवढी म्हणालीस, "ताई, माझ्याबी छातीत काहीतरी लागतंय गं." त्याच आठवड्यात तुला नाशिकला नेलं. तुझी साधी निघाली. मी मात्र दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले; स्वतःसाठी तेवढी रडले नव्हते.

आई अजून लोकांना सांगते, थोरलीचं बारीकसं ऑपरेशन झालं. सांगू दे. मी स्तनाचा कॅन्सर म्हणते, शेजारणींसमोर, ह्यांच्या मित्रांसमोरसुद्धा. या दोन खोल्यांत मला कोणी आवाज खाली करायला लावलेला नाही. गावी मी येत राहीन, पण घर कुठलं विचारलं की एकलहरे सांगते. तुला पटत नसेल तर ये इकडं, भांडू.