टकटकबाई आणि कोर्टाची गच्ची

तिला सगळे टकटकबाई म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. तिच्या पर्समध्ये कायम एक छोटी लाकडी हातोडी असायची. कुठल्याही जुन्या इमारतीत पाऊल टाकलं की समोरच्याशी धड दोन शब्द बोलायच्या आधी तिचा हात भिंतीकडे जायचा. टकटक करायचं, कान लावायचा, गिलावा भिंतीला धरून आहे की आतून सुटलाय ते ओळखायचं. नणंदेने हौसेने नवं घर बघायला बोलावलं, तर बाईसाहेबांनी तिथेही दिवाणखान्याची भिंत वाजवली आणि वर "पोकळ आहे" असं सांगून मोकळ्या झाल्या. नणंद पुढे कितीतरी दिवस हिचा फोन उचलत नव्हती.

नोकरी सरकारी. पालिकांच्या ताब्यात जी जुनी दगडी कोर्टं आहेत ती टिकवायची कशी, हे त्या पालिकांना समजावून सांगायला एक मदत कक्ष होता. कक्ष म्हणजे एका मोठ्या कचेरीच्या जिन्याखालची खोली, दोन टेबलं, नकाशांचं एक कपाट आणि ही. तिने जायचं, इमारत तपासायची, कुठे काय दुखतंय ते सांगायचं, दुरुस्ती कशी करायची ते काढून द्यायचं. सगळं फुकट. आणि फुकटच्या सल्ल्याला लोक काय भाव देतात ते मी सांगायला नको. सासूबाईंना कोणी विचारलं की तुमची सून काय करते, तर त्या शांतपणे सांगायच्या, "मोडक्या कचेऱ्यांना औषध लिहून देते. त्या घेत नाहीत."

तिच्या रागाचं मूळ इथेच होतं. हातात अधिकार काडीचा नाही. हुकूम नाही, दंड नाही, चालू काम थांबवायची ताकद नाही. पालिकेने बोलावलं तर जायचं, आणि पालिका बोलावणार कधी, तर सगळं करून बसल्यावर. दगडी भिंतीवर सिमेंट थापलं, भिंत आतल्या आत भिजून फुगली, की मग, मॅडम, जरा येऊन बघता का. कोणी बडा पाहुणा येणार म्हणून कोरीव खांबांना गुलाबी ऑइलपेंट फासला, दगडाचे पापुद्रे सुटायला लागले, की मग मॅडम. बरं, जाऊन सांगितलं तर माना डोलावणार, चहा पाजणार, आणि हिची जीप कोपऱ्यावरून वळायच्या आत त्याच गवंड्याला तसल्याच सिमेंटची पोती आणायला पिटाळणार. जेवताना ती हे सगळं नवऱ्याला ऐकवायची. तो शाळेत भूमिती शिकवणारा थंड डोक्याचा माणूस. तो ताटावरून मान न उचलता म्हणायचा, "मग सोड." ती सोडायची नाही. भांडी तेवढी आदळायची.

अशातच नदीकाठच्या एका गावातून बोलावणं आलं. तिथल्या पालिकेला जुनं कोर्ट पाडायचं होतं. भर सुनावणीत छताची एक फळी निखळून खाली आली होती, आणि तीही नेमकी न्यायाधीशांच्या टेबलावर. साहेब त्या वेळी आतल्या खोलीत चहा घेत होते म्हणून वाचले. झालं, पालिकेने ठरवून टाकलं की इमारतीचं वय झालं, आता ती पाडावी आणि तिथे तीन मजले उठवावेत, खाली दुकानं आणि वर कार्यालयं. कोर्ट जाणार गावाबाहेर, मोठ्या रस्त्यावरच्या भाड्याच्या गाळ्यांत. पोटगीसाठी खेपा घालणाऱ्या बायकांनी तिथवर जायचं कसं, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नाही. नियमाप्रमाणे फक्त मदत कक्षाचं मत सोबत जोडायला हवं होतं. म्हणजे मत त्यांचं आधीच ठरलेलं, सही तेवढी हिची.

ती पोचली तेव्हा पालिकेचे इंजिनिअर दारात उभे होते. निवृत्तीला टेकलेला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं अगदी सालस. याच गावात साधे ओव्हरसियर म्हणून लागले आणि इथेच चढत चढत इंजिनिअर झाले. आत शिरताना त्यांनी दाराच्या दगडी चौकटीवरून सहज हात फिरवला, घरच्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. तिने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं, चला, इथे तरी कोणाला माया आहे. माया होती हो. तीच तर भोवली.

तिने आधी भिंती वाजवल्या. ठणठणीत. मग शिडी लावून कोर्टाच्या दालनाचं छत बघितलं. मोठाल्या लाकडी तुळया, त्यांवर फळ्या. तुळया मधोमध चांगल्याच वाकल्या होत्या. तिने गिरमिटाने एकेका तुळईला बारीक भोक पाडून भुसा हातावर घेतला. कोरडा, खुटखुटीत, लाकडाचा वास जसाच्या तसा. वाळवी नाही, कूज नाही. मग या वाकल्या कशाने? ती खाली उतरली आणि गच्चीचा जिना कुठे आहे, असं विचारलं.

गच्चीवर गेली आणि बघतच राहिली. काळीकुळकुळीत गच्ची. पाणी बाहेर पडायला कठड्याच्या बुडाशी दगडी पन्हळी असतात, त्यांची तोंडंच दिसेनात. तिने बरोबरच्या मजुराला एका जागी खणायला सांगितलं. तो पहार मारत गेला, हिने हात घालून पाहिलं, कोपरापर्यंत हात आत गेला तरी चुन्याचा मूळ कोबा लागेना. डांबर, त्यावर वाळू, पुन्हा डांबर, मध्ये कधीतरी कोणी फरशी घातलेली, तिच्यावर परत डांबर. आणि इंजिनिअर शेजारी उभे राहून कौतुकाने सांगत होते की दर वर्षी पावसाच्या आधी ते स्वतः उन्हात थांबून काम करवून घेतात. एकही वर्ष चुकवलेलं नाही. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा ते दुपारभर इथेच होते.

आता हे कुणाला सांगावं? छत गळतं म्हणून डांबर टाकायचं. डांबराने गच्चीची पातळी वर चढली, पन्हळी बुजल्या. पाण्याला जायला वाट नाही, म्हणून ते तुंबलं आणि आणखी गळायला लागलं. आणखी गळतं म्हणून आणखी डांबर. ज्या तुळयांनी एवढ्या पिढ्यांचे खटले डोक्यावर छत धरून ऐकले, त्यांच्यावर या लोकांनी मायेने मायेने एक डोंगर रचला होता, आणि वर म्हणायचं की इमारतीचं वय झालं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वयाने काही झालेलं नाही हिला," ती म्हणाली. "हे तुमचं डांबर तिला पाडतंय."

मग तिने तिथेच उभं राहून उपाय सांगितला. हे सगळं खरवडून काढायचं, पन्हळी मोकळ्या करायच्या, चुन्याचा कोबा नव्याने घालायचा, निखळलेल्या फळ्या बदलायच्या. एका उन्हाळ्याचं काम. कोर्ट जिथे आहे तिथेच राहील. इंजिनिअर ऐकत होते, पण त्यांचा चेहरा पार उतरला होता.

दुपारी त्यांनी तिला आपल्या केबिनमध्ये नेलं आणि दार लोटून घेतलं. डोळे टेबलाच्या काचेवर. त्यांचं म्हणणं असं की मॅडमनी वय झालं एवढंच लिहावं, डांबराचं लिहू नये. दोन-चार महिन्यांत निवृत्ती आहे, निरोप समारंभ ठरलाय, ज्या इमारतीला जन्मभर जपलं ती आपल्याच हाताने गेली असं कागदावर आलं तर गावात तोंड कुठे दाखवायचं? तिने समजावून पाहिलं. कोणाचंही नाव घालणार नाही म्हणाली, दोष देणार नाही म्हणाली, पण डांबराचं लिहावंच लागेल. कारण लिहिलं नाही तर यांच्या जागी जो येईल तो पुढच्या पावसाच्या आधी पुन्हा तेच करेल.

"नाव कशाला हवंय?" ते म्हणाले. "या गावात डांबर म्हणजे मीच."

तिला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला. दया यायची ती त्या तुळयांची यायला हवी होती. ती उठली आणि जे दिसलं ते लिहून दिलं.

पालिकेची सभा भरली, तेव्हा ती स्वतः गेली. खरं तर जायची गरज नव्हती. अध्यक्ष दुकानांच्या नकाशावर बोटं फिरवत बसले होते, सदस्य घड्याळाकडे बघत होते. तिने साध्या भाषेत सगळं सांगितलं, भुशाची पुडी टेबलावर उलगडून ठेवली. कोणी हात लावला नाही. अध्यक्षांना एवढं मात्र समजलं की लाकडं चांगली असतील तर पाडायला कारण उरत नाही. ते इंजिनिअरकडे वळले आणि त्यांनी विचारलं, आतली लाकडं कशी आहेत, तुम्ही सांगा.

सगळं त्या एका उत्तरावर होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. तपासणीच्या दिवशी तो भुसा त्यांनीही हातावर घेतला होता, नाकाशी नेला होता. ते खिशातल्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.

"कुजलीत, साहेब," ते म्हणाले.

संपलं. मॅडम बाहेरच्या, एक दिवस आल्या आणि बघून गेल्या, आमच्या इंजिनिअरांचा जन्म गेला त्या छताखाली, असं अध्यक्ष म्हणाले आणि सगळ्यांनी हात वर केले. हिचं मत नियमाप्रमाणे ठरावाला जोडलं गेलं. जोडलंच पाहिजे असा नियम होता, ऐकलंच पाहिजे असा नव्हता. त्या दिवशी घरी येऊन तिने भांडी आदळली नाहीत. सासूबाईंना तेच खटकलं. त्या उठून आत आल्या, तिच्या हातातलं काम काढून घेतलं आणि म्हणाल्या, "आज औषध बाजूला राहिलं, आजाऱ्यालाच मारलं वाटतं." ती तिथेच ओट्याला टेकून रडली. रागाने रडली, दुःखाने नाही, हे तिने नंतर नवऱ्याला बजावून सांगितलं.

पाडायचं काम सुरू झाल्याचं तिला कळलं होतं. त्यानंतर एका दुपारी इंजिनिअरांचा फोन आला. आजवर मॅडम म्हणायचे, त्या दिवशी ताई म्हणाले.

"ताई, तुळया उतरवल्या. एकही कुजलेली नाही. पहारीने तुटेनात, शेवटी करवत लावावी लागली."

मग मात्र तिने त्यांना सोडलं नाही. सभेत गिळलेलं सगळं बाहेर काढलं. त्या तोंडाला कुजलीत म्हणवलं कसं, एका निरोपाच्या हारासाठी अख्खं कोर्ट घालवलंत, आता त्या गाळ्यांतल्या कोर्टात खेपा घालणारी माणसं जन्मभर मोठ्या रस्त्यावर धूळ खात उभी राहणार ती तुमच्यामुळे, असं आणि आणखी पुष्कळ. फोन ठेवला असता तर तिला बरं वाटलं असतं, पण त्यांनी ठेवला नाही.

"आणि हे मला कशाला सांगताय?" ती शेवटी म्हणाली. "मला माहीत होतं."

"मग कोणाला सांगू?"

तिच्या टेबलावर दुसऱ्या एका पालिकेचं बोलावणं पडलं होतं. जुनं कोर्ट, गच्ची गळते, भिंतींना ओल, इमारतीचं वय झालेलं दिसतं, तरी मत कळवावे. तिने ते परत एकदा वाचलं आणि इंजिनिअरांना सोमवारी सकाळी कचेरीत यायला सांगितलं.

ते आले. इस्त्रीचा शर्ट तोच, पेनं नव्हती. जीपमध्ये ती पुढे बसली आणि ते मागे. वाटेत त्यांनी एकदा पाण्याची बाटली पुढे केली, तिने घेतली नाही. माफबिफ केलं होतं असं कोणी समजू नका. तिला फक्त तो माणूस त्या दुसऱ्या गच्चीवर उभा हवा होता.

तिथली इंजिनिअर एक तरतरीत मुलगी होती, नुकतीच नोकरीला लागलेली. तिने दोघांना उत्साहाने वर नेलं. गच्ची काळीच होती, पण इथे पन्हळींची तोंडं अजून अर्धी उघडी होती. मुलगी सांगत होती की आम्ही या इमारतीची फार काळजी घेतो, डांबराचं म्हणाल तर जास्त नाही, दर वर्षी फक्त एकच थर देतो. टकटकबाईने बोलायला तोंड उघडलं. पण त्याआधीच इंजिनिअर खाली बसले होते, तापलेल्या डांबरावर तळहात टेकून.

"आमचं कोर्ट आत्ताच पाडलं, बाळ," ते म्हणाले. "मीही दर वर्षी एकच देत होतो."