भाऊबीजेला मागितलेला फोन

दारू सोडवणाऱ्या समुपदेशकाचं शिक्षण घ्यायला लागले आणि लग्नाकार्यात माझ्या शेजारी कुणी बसेनासं झालं. मी मांडवात शिरले की टेम्पोच्या आडोशाला उभी असलेली मंडळी पांगायची, जणू मी पोलीसपाटीलच. बायका मात्र हाताला धरून बाजूला न्यायच्या. "तुमच्याकडं ती पावडर मिळती ना, चहात टाकायची? ह्यांना कळाया नको फक्त." मी सांगायचे, बाई, माणसाला न सांगता असलं काही द्यायचं नसतं, जिवावर बेतू शकतं. मग त्यांचाही चेहरा उतरायचा. "मग शिकता तरी काय तिथं?" असं म्हणून त्या निघून जायच्या आणि मी पंगतीत एका टोकाला बसून मठ्ठा प्यायचे.

शिकत काय होते, हे मला तरी कुठं धड सांगता येत होतं. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून वेगळी झालेली, पस्तिशी ओलांडलेली बाई मी. सातपूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी, तिथंच मागच्या गल्लीत एक खोली. शनिवार-रविवार शहराबाहेरच्या व्यसनमुक्ती केंद्रात वर्ग आणि प्रात्यक्षिक. वर्गातली बाकीची पोरं-पोरी नुकती कॉलेजातून आलेली. नाटक करून सराव करायचा असायचा, एकानं पेशंट व्हायचं, एकानं समुपदेशक. मला कायम दारुड्याची बायको करायचे. एकदा वैतागून म्हटलं, अरे, मला एकदा तरी दारू पिऊ द्या की. सगळे हसले, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा बायकोच.

आमचे सर सांगायचे, पेशंटला बंद प्रश्न विचारू नका. 'प्यायलास का', 'झोपलास का', 'जेवलास का', असल्या प्रश्नाला माणूस हो किंवा नाही म्हणतो आणि दार लावून घेतो. 'आजचा दिवस कसा गेला, सांगा बरं', असं विचारा. मी खोलीवर आरशासमोर उभी राहून सराव करायचे. "आजचा दिवस कसा गेला, सांगा बरं." आरशातली बाई माझ्याकडे बघत राहायची. तिला सांगण्यासारखं काही नसायचं, आणि असतं तरी ऐकायला त्या खोलीत होतं कोण. सोमवार ते शुक्रवार कामापुरतं सोडून माझ्याशी कुणी बोलायचं नाही. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

हे सगळं कशासाठी, तर धाकट्या भावासाठी. निफाडकडच्या आमच्या गावी तो आणि आई दोघंच. तो पिकअप चालवायचा, हंगामात द्राक्षाचे क्रेट, एरवी कांदा. तिशीला आला तरी सोयरीक जुळत नव्हती, कारण पंचक्रोशीला ठाऊक होतं की हा सकाळी चहाच्या आधी घेतो. मी वर्गात नाव घातलं तेव्हा सगळ्यांना सांगितलं, पुढंमागं नोकरीला बरं पडेल. आईला तेवढं खरं कळलं होतं. ती गावभर सांगायची, "माझी पोरगी दारू सोडवायचं शिकती. आता आमच्या घरची पीडा जाईल."

दिवाळीला गावी गेले. भाऊबीजेच्या सकाळी आईनं मला चुलीपाशी बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आज ओवाळणीत माग. साडी नको, काई नको. म्हण, दारू सोड. ओवाळणी मागितल्यावर भावाला नाय म्हणता येत नाय."

आमच्याकडे हे आहेच. बहिणीनं ताटासमोर मागितलेलं भावानं मोडायचं नसतं. एरवी मी हसून सोडून दिलं असतं, पण दोनच महिन्यांपूर्वी सरांनी तो धडा शिकवला होता. रोज, सकाळपासून, वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं एका दिवसात तोडली तर शरीर ते सोसत नाही. हात कापतात, घाम फुटतो, डोळ्यांसमोर नसलेलं दिसतं, फिट येते, कधी माणूस जातो. असल्या माणसानं दारू सोडायची ती डॉक्टरच्या नजरेखाली. मी आईला हे जमेल तसं सांगितलं.

"म्हंजे तू मागणार नाय?" आई म्हणाली.

"आधी त्याला डॉक्टरकडं येऊ दे. मग सोडेल."

"एवढी शिकली अन् एक शब्द मागाया जड झाला तुला. लोकांला सांगशील, घरच्याला नाय."

शिकलेल्या बाईचं घरी कुणी ऐकत नाही, आणि शिकलेली आहे म्हणून सगळं तिच्याच गळ्यात, असा आमच्याकडचा न्याय. संध्याकाळी पाट मांडला. भाऊ अंघोळ करून, टोपी घालून बसला. त्या दिवशी त्यानं कमीच घेतली होती, माझ्यासाठी. मी त्याला कुंकू लावलं, सुपारी-अंगठीनं ओवाळलं. आई माझ्याकडे टक लावून बघत होती.

"सांग ताई, काय देऊ?"

"रोज मला एक फोन कर," मी म्हणाले. "प्यायलेला असलास तरी कर. नसलास तरी कर."

तो हसला. "बस? एवढंच?"

"एवढंच."

समुपदेशक म्हणून ते शहाणपणाचं होतं, आधी माणसाशी धागा जोडायचा असतो. पण खरं सांगू का, त्यातलं निम्मं माझ्यासाठीच होतं. त्या खोलीत दिवसातून एकदा फोन वाजावा असं मला वाटत होतं.

आई उठून आतल्या दारात जाऊन उभी राहिली. आणि मग माझी चुलत बहीण, काकांची थोरली, तिचं ताट घेऊन पुढे आली. आईनं तिला आधीच गाठून ठेवलं होतं हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिनं ओवाळलं आणि एका दमात म्हणाली, "दादा, मला ओवाळणीत तुझी दारू दे."

भावानं ताटातल्या निरांजनाकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. "दिली," तो म्हणाला. आईनं डोळ्याला पदर लावला. बायकांनी माझ्या चुलत बहिणीच्या पाठीवरून हात फिरवले. मी त्याला बाजूला घेऊन म्हणाले, उद्याच माझ्याबरोबर नाशिकला चल, डॉक्टरांना दाखवू, शब्द मोडायचा नाही पण औषध तर घेशील. तो म्हणाला, "ताई, आता मधी पडू नको. दवाखान्यात गेलो तर लोक म्हणत्याल, बघा, याला दारूबिगर जमंना."

मी कामावर रजा टाकली आणि राहिले. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. आई शेजारणींना कौतुकानं सांगत होती, कालपासून थेंब नाय. तो घामानं निथळत होता आणि ती त्याला लाडू भरवत होती. मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, थांबू नका, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मी आईला सांगितलं, त्याला सांगितलं, चुलत्यांना सांगितलं. पिकअपची किल्ली घेऊन दारात उभी राहिले, जसं काही मला ती चालवता येते. चुलते म्हणाले, "चांगलं चाललंय तर कशाला खोडा घालती?" आई म्हणाली, "सणासुदीचं अशुभ बोलू नको." पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवशी त्या भरल्या घरात मी जितकी एकटी होते तितकी सातपूरच्या खोलीतही कधी नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात तोंड धुताना पडला.

अंग ताठ झालं, मग झटके. कुणीतरी चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली, आई कांदा फोडायला धावली. मी चप्पल हिसकावून फेकून दिली आणि त्याला कुशीवर वळवलं. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही, पण पहिल्यांदाच सगळ्यांनी माझं ऐकलं. चुलत बहिणीच्या नवऱ्यानं पिकअप काढली. मागे क्रेटच्या जागेवर गोधडी टाकून आम्ही त्याला निफाडला आणि तिथून नाशिकला नेलं. वाटेत त्याला दुसरी फिट आली. आई माझ्यासमोर बसली होती, पण तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

तो वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. मला वाटलं, आता तरी आई काही बोलेल. ती बोलली. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून म्हणाली, "तू मागितलं असतं तर पावलं असतं. सख्ख्या बहिणीनं मागायचं ते तू चुलतीच्या पोरीवर ढकललं. वर तोंडानं अशुभ बोलली." मला राग आला, इतका की कानशिलं तापली. पण लेकरू मरता मरता वाचलेल्या बाईशी काय भांडायचं. मी जाऊन तिच्यासाठी चहा आणला. तिनं तो तिथंच ठेवला.

दवाखान्यातून सुटल्यावर तो स्वतःहूनच म्हणाला, मला तुमच्या त्या केंद्रात ठेवा. मला आभाळ ठेंगणं झालं. मग सरांनी बोलावून नियम सांगितला. नात्यातल्या माणसाचं समुपदेशन करायचं नाही. त्याची फाईल उघडायची नाही, तो असेल त्या गटात बसायचं नाही, त्याच्याशी खाजगी बोलायचं नाही. "तुम्ही बहीण राहा किंवा इथली कार्यकर्ती. दोन्ही एकदम जमत नाही," सर म्हणाले. ते बरोबर होतं. ज्याच्यासाठी एवढं शिकले त्याच्यावर ते चालवायचं नाही, हेही शिक्षणातच होतं म्हणायचं.

पहिल्या शनिवारी तो व्हरांड्यात झाडू मारताना समोर आला. वाळला होता. मी थांबले. त्यानं नजर खाली केली आणि म्हणाला, "नमस्कार मॅडम."

केंद्रात सगळेच पेशंट आम्हाला सर नाहीतर मॅडम म्हणतात. त्यानं नियम पाळला असेल. पण एरवी तो मला ताई म्हणायचा. आईनं बोलणं टाकलं होतं, आता हाही त्याच बाजूला गेला की काय? मी मागितलं नाही म्हणून की मध्ये पडले म्हणून, कशाचा राग धरला असेल? विचारायची सोय नव्हती. पलीकडच्या खोलीत तो माझ्याच वर्गातल्या एका विशीतल्या मुलीसमोर बसून बोलायचा. भिंतीतून त्याचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. एकदा तो रडत होता. आत जाता येत नव्हतं, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडत बसले.

नव्या पेशंटला सुरुवातीला फोन मिळत नाही. मग दर रविवारी एक, ऑफिसातल्या फोनवरून, घरच्या एकाच माणसाला, पाच मिनिटं. त्याच्या पहिल्या फोनचा रविवार आला. गावी आई सकाळपासून मोबाइल मांडीवर घेऊन बसली असणार, हे मला माहीत होतं. दुपारी मी ऑफिसशेजारच्या धान्याच्या खोलीत साठा तपासत होते. डबा खिडकीत तसाच होता. जेवायची इच्छाच नव्हती.

माझा मोबाइल वाजला. नंबर केंद्राचाच. वाटलं, सरांना काही हवंय.

"ताई, मी बोलतोय."

आवाज कानात आला आणि पार्टिशनच्या पलीकडूनही आला. मधे एक प्लायवूडची फळी.

"सरांला इचारून लावलाय. आईला फुडच्या रविवारी करीन," तो म्हणाला. "तुला ओवाळणी दिली व्हती. हितून रोज नाय जमत, रविवारचंच जमतंय. चालंल का?"

"चालेल," मी म्हणाले.

इतकं शिकले होते, पण एक धड उघडा प्रश्न सुचला नाही. मग त्यानंच विचारलं, "जेवली का?"

किती महिन्यांनी मला हे कुणीतरी विचारत होतं. मी पदराचं टोक तोंडात धरून रडले, आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. मग म्हणाले, "हो."

"खोटं. मघाशी झाडताना खिडकीतला डबा उचलून बघितला म्या, वजनदार व्हता. काय भाजी हाय?"

"शेपू."

"मंग बरोबर हाय," तो म्हणाला. "मीबी नसता खाल्ला. पर तू खा. मी हाय लाइनवर."

मी गव्हाच्या पोत्यावर बसले, डबा उघडला, मोबाइल खांद्यानं कानाशी धरला आणि भाकरी मोडली. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. दोन-चार घास झाले असतील, तेवढ्यात पाच मिनिटं संपली. फोन बंद झाला आणि फळीपलीकडून त्याचा आवाज आला, "झालं, सर." खुर्ची सरकली, पावलं व्हरांड्याकडे गेली. मी उरलेली भाकरी खाल्ली.