मनोहरभाऊंचा ओला गमछा

बालाघाटला आम्ही चार जीपवाले चहाला बसलो की मनोहरभाऊ मिस्त्रींचा विषय निघतोच. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला दोन आठवतात. मी पंधरा वर्षं बैहर रोडवर जीप चालवतो, त्यामुळे माझ्याकडेही थोडे साठलेत.

*

गाडी गॅरेजात आली की भाऊ बोनेटला हात लावत नाहीत. आधी ड्रायव्हरला स्टूल देतात. कुठं बंद पडली, चढावर की सपाटीवर, गरम होती की थंड, सगळं विचारतात. एकदा एक साहेब चिडले, "गाडी देखो ना, मुझे क्या देख रहे हो?"

भाऊ शांतपणे म्हणाले, "गाडीले बोलता येत नाही साहेब. तुम्हाले येते."

साहेब स्टुलावर बसले.

*

परसवाड्याच्या एकानं गाडीला बिघाड शोधणारा स्कॅनर लावून घेतला. स्क्रीनवर क्रँक सेन्सरचं नाव आलं. इंजिन किती वेगानं फिरतंय हे गाडीच्या कंप्युटरला सांगणारा तो बोटभर तुकडा. पठ्ठ्यानं नवा बसवला, तरी गाडी बंद पडायचीच. भाऊ सेन्सरची वायर चाचपत गेले आणि सायलेन्सरच्या पाइपाशी थांबले. वायर तिथं वितळली होती.

"मशीननं गल्ली बरोबर सांगतली," ते म्हणाले, "घर आपल्याले शोधा लागते."

*

आता माझंच सांगतो. माझी जीप घाटात गरम झाली की बंद पडायची, अर्ध्या तासानं आपोआप चालू व्हायची. मोठ्या वर्कशॉपवर माझा फार भरवसा, ही माझी अक्कल. तिथं पंप बदलला, फिल्टर बदलला, फरक शून्य. सवाऱ्या माझ्या जीपमध्ये बसेनात. शेवटी विकायचं ठरवलं. हट्टा गावचा एक जण फोनवर तयार झाला, सोमवारी येणार होता. घर त्याच जीपवर चालायचं, पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

शनिवारी टपरीवर भाऊ भेटले, त्यांना सगळं सांगितलं. कोण घेतोय तेही सांगितलं. त्यांनी त्याचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "उद्या मले घाटात घेऊन चाल."

रविवारी जीप नेहमीच्या वळणावर बंद पडली.

"चावी फिरवून सेल मार. आरपीएमचा काटा हालते का?"

"नाही हालत, भाऊ."

ते गाडीखाली शिरले. गमछा बाटलीतल्या पाण्यानं भिजवून क्रँक सेन्सरवर ठेवला आणि बाहेर येऊन डबा उघडला. दोन पोळ्या झाल्यावर म्हणाले, "आता मार." काटा हलला, जीप चालू झाली.

"गरम झाला का झोपते हा. नवीन टाकू."

संध्याकाळपर्यंत नवा सेन्सर बसला. तोच घाट आम्ही दोनदा चढलो. खरं सांगतो, दुसऱ्यांदा चढताना मला रडू आलं.

*

सोमवारी हट्ट्याचा माणूस आला. मी हात जोडून म्हणालो, "माफ करा, आता विकायची नाही. मनोहरभाऊंनी बनवून देली."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. जीपकडे पाहून हसायलाच लागला.

"थे माहे सासरे आहेत," तो म्हणाला. "त्याहीनंच तं मागच्या हप्त्यात सांगतलं होतं मले, ह्या जीपचं इंजिन चांगलं आहे, घेऊन टाका जावईबापू."