सरूबाईचा मूकपट

सरूबाई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी तिच्याच पायाला बांधायच्या पट्ट्या गुंडाळत बसले होते. महिना झाला, पट्ट्या अजून टेबलावरच आहेत. उचलून ठेवायचंही जिवावर येतं… खरं सांगायचं तर मी थकले आहे. मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, सुटले एकदाची. पण श्रीगोंद्यात शेजार मिळाला तो सरूबाईचा, आणि तिला मधुमेह.

बारा वर्षांची असताना ती तमाशाच्या फडात नाचायला उभी राहिली. शेवटी दुखणं आलं तेही पायांवरच. दोन बोटं काढावी लागली. रोज सकाळी मी पट्टी बदलायची, मग ती चहा मागायची आणि साखरेवरून आमचं वाजायचं. "एकच चमचा," मी म्हणायची. "सिस्टर, लई पाप लागंल तुमाला," ती म्हणायची. दुसरा चमचा मी कधी घालू दिला नाही.

मुलीला, नंदाला, तिने लहानपणापासून वसतिगृहात ठेवलं, फडाचा वाराही लागू नये म्हणून. नंदा शिकली, कोपरगावला शिक्षिका झाली, आणि सासरी सांगितलं की आई शेतमजुरी करते. सरूबाईनेच तसं सांगायला लावलं होतं. पुढे येणंजाणं आटलं, दिवाळीला एक फोन तेवढा उरला. मला नंदाचा राग यायचा. सरूबाईला आला नाही, निदान माझ्यासमोर तरी.

दोन वर्षांपूर्वी नगरच्या कॉलेजातली एक मुलगी कॅमेरा घेऊन आली. तिला जुन्या पद्धतीचा मूकपट करायचा होता, वीस मिनिटांचा. त्यात सरूबाई लेकीची वाट बघणारी म्हातारी. जन्म ढोलकीपुढे गेलेल्या बाईला म्हणे गप्प उभं राहा! तिला काही जमेना. तोंड मिटलं की चेहराच मिटायचा. अखेर ती मुलगी म्हणाली, "मावशी, आवाज मी घेतच नाही. वाटेल ते बोला." मग काय, सरूबाई सुटली. उसाच्या ट्रॅक्टरांना शिव्या घातल्या, मला नावं ठेवली… शेवटच्या दृश्यात मात्र ती दाराला टेकून रस्त्याकडे बघते, हळूच काही बोलते आणि तिचे डोळे भरून येतात. कॉलेजच्या हॉलमध्ये ते बघताना बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नंदाला कळवलं होतं, पण ती आली नव्हती.

दहाव्याला आली. पाहुणे पांगल्यावर माझ्याकडे येऊन बसली आणि मोबाईलवर तो शेवट लावला. पुन्हा लावला, पुन्हा…

"सिस्टर, तुम्ही तिथे होतात ना? आई इथे काय म्हणते? माझं नाव घेते का?"

मी रस्त्याच्या बाजूला, कॅमेऱ्यामागेच होते. सकाळपासून उभं राहून सरूबाईचे पाय सुजले होते, आणि माझ्याकडे बघून ती म्हणाली होती, "सिस्टर, पाय तुटलं माजं. चा टाका." नोकरीत असताना नातेवाइकांशी मी पुष्कळ गोड खोटं बोलले आहे. त्या दिवशी तेवढंही त्राण नव्हतं.

"नाही गं," मी म्हणाले. "चहा मागत होती."

नंदाने मोबाईल बंद केला. मग उठून माझ्या स्वयंपाकघरात गेली. पातेलं ठेवल्याचा आवाज आला.

"सिस्टर," तिने आतून विचारलं, "आईला साखर किती लागायची?"

टेबलावर पट्ट्या तशाच होत्या.

"दोन चमचे," मी म्हणाले.