नर्सबाईंचा भाऊ

मनाच्या आजारांसाठी आमच्या सवाईई बेटावर एकच नर्स होती, लूपेबाई. त्यांची गाडी मी अकरा वर्षं चालवली. महिन्यातून एकदा प्रत्येक गावात जायचं, इंजेक्शनं द्यायची, गोळ्या वाटायच्या आणि निघण्याआधी गावच्या बायकांच्या समितीपुढे बोलायचं, असा आमचा क्रम होता.

दवाखान्याने त्यांना प्लास्टिकचा मेंदू दिला होता, पण त्याचे अर्धे तुकडे एका चक्रीवादळात गेले. तेव्हापासून बाई नीरफणस वापरायच्या. उकडलेला, सोललेला नीरफणस केळीच्या पानावर ठेवायचा आणि सुरीने रेघा ओढत बोलायचं.

"हा कपाळामागचा भाग. काय करावं, काय करू नये, तोंड कुठे आवरावं, ते हा ठरवतो."

"आमच्या नवऱ्यांना देवाने हा दिलाच नाही," कुणीतरी मागून म्हणे.

"दिलाय, वापरत नाहीत. हा मागचा, खालचा, लहान मेंदू. तोल सांभाळतो. बिअर चढली की आधी हा झोपतो. हा कानाजवळचा. आपण ऐकतो ते इथे. काहींच्या मेंदूत हा भाग बाहेर कुणी बोलत नसतानाही जागा होतो. त्या माणसाला आवाज खरोखर ऐकू येतो. तो खोटं बोलत नाही, त्याला भूतही लागलेलं नाही."

मग त्या फणस मधोमध कापायच्या आणि आत जंगली बदामाची बी खोचायच्या. "ही भीतीची जागा. लाट आली की ही ओरडते, म्हणून आपण डोंगरावर पळतो. काहींची ही लाट नसतानाही ओरडत राहते. छाती धडधडते, झोप येत नाही. आणि काहींना सगळंच जड होतं. उठवत नाही, जेववत नाही, पोटच्या पोराकडे बघवत नाही. तो आळस नव्हे."

शेवटचं वाक्य ठरलेलं. "पाय मोडला तर लपवता का? मग मेंदू आजारी पडला तर का लपवता?"

नंतर तो नीरफणस सगळ्या मिळून नारळाच्या दुधात बुडवून खायच्या.

मला हे सगळं पाठ झालं होतं. आणि मला हेही ठाऊक होतं की लूपेबाईंचा सख्खा धाकटा भाऊ, तानिएलू, कुणी आलं की घरामागच्या चुलीच्या खोपटात बसवलेला असतो.

तो विसाव्या वर्षी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला आणि हंगाम संपायच्या आत परत पाठवला गेला. तिकडे त्याला झाडांतून मामाचा आवाज यायचा. मामा वारून सात वर्षं झाली होती. घरच्यांनी आधी तेल चोळणारी म्हातारी आणली, मग पाद्रीसाहेबांची प्रार्थना झाली, आणि शेवटी राजधानीत, आपियाच्या इस्पितळात निदान झालं: स्किझोफ्रेनिया. दर महिन्याच्या इंजेक्शनने तो पुष्कळ सावरला. डुकरं सांभाळायचा, अळकुड्यांचं शेत बघायचा, रविवारच्या जेवणाची तापल्या दगडांची भट्टी त्याच्यासारखी गावात कुणाची लागत नसे. फक्त बोलायचा हळू, आणि कधी मध्येच मान वळवून ऐकत राहायचा.

घरी पाहुणे आले की लूपेबाई म्हणायच्या, "तानी, जरा मागे जा." तो जायचा. आमच्याकडच्या भिंती नसलेल्या, नुसत्या खांबांच्या घरात माणूस लपवायचा म्हणजे त्या माणसाचीच साथ लागते, आणि ती तो देत होता. आमच्यात भाऊ बहिणीचा शब्द खाली पडू देत नाही. त्याचं इंजेक्शन बाई घरीच द्यायच्या. दवाखान्यात कुणी विचारलं तर सांगायच्या, "भाऊ ऑकलंडला असतो."

त्या बुधवारी आम्ही उत्तरेकडच्या एका गावात होतो. तिथल्या समितीची अध्यक्ष मातालेना, सत्तरीची, जिभेला धार असलेली बाई. फणस कापून झाला, शेवटचं वाक्य झालं, आणि मातालेनाने पंखा हलवत विचारलं, "नर्सबाई, आमच्या घरातलं सगळं तुम्ही विचारता. तुमच्या घरात आहे का असं कुणाला?"

बाईंनी सुरी पुसली. "नाही," त्या म्हणाल्या. "देवाच्या दयेने माझ्या घरात कुणी नाही."

मी खांबाला टेकून बसलो होतो. मला कडेला हालचाल दिसली. तानिएलू पायरीवर बसला होता. शर्ट उलटा घातलेला, हातात बाईंचा चष्मा. सकाळी त्या तो घरी विसरल्या होत्या आणि वाटेत मला दोनदा म्हणाल्या होत्या, आज कागद वाचता येणार नाहीत. चष्मा द्यायला तो बसने एकटा आला होता. एकट्याने बसमध्ये बसायची त्याला किती भीती वाटते, ते मी ऐकून होतो.

मातालेनानेही त्याला पाहिलं. "तू कोण रे बाबा?"

तानिएलू उठला. मोठ्या माणसांपुढून जाताना वाकावं तसा वाकून आत आला आणि दोन्ही हातांनी चष्मा पुढे धरला. "नर्सबाईंचा चष्मा. रस्त्यात सापडला."

घरी तो त्यांना ताई म्हणायचा.

बाईंनी चष्मा घेतला. "आभारी आहे," म्हणाल्या. परक्याला म्हणावं तसं. तो तसाच वाकून मागे सरला आणि गेला.

परतताना पाद्रीसाहेबांची बायको गाडीत होती, तिला वाटेत सोडायचं होतं. दोनएक मैलांवर तो दिसला. उन्हात, रस्त्याच्या कडेने चालत होता. परतीच्या भाड्याचे पैसे नव्हते की बसमध्ये पुन्हा चढायचं धैर्य नव्हतं, कोण जाणे. मी वेग कमी केला आणि आरशात बाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या खिडकीबाहेर बघू लागल्या. मी पुन्हा वेग वाढवला. त्याने हात केला नाही. उलट गवतात उतरून आम्हाला वाट दिली.

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. बाईंनी ताट वाढून ठेवलं होतं. तो म्हणाला, "नर्सबाई, मी शेतावरच्या खोपीत जेवीन." बाईंनीच हे मला नंतर सांगितलं. त्यांना वाटलं तो टोमणा मारतोय. पण त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने खरोखर विचारलं, "आता मला कुणी विचारलं, घरात कोण कोण आहे, तर मी काय सांगू? तुम्ही सांगितलंत तेच सांगू ना?" मग चटई गुंडाळून तो शेतावर गेला. इंजेक्शनपुरता दंड पुढे करायचा, बस.

पंधरा दिवस गेले. एके सकाळी गाडीत बाई म्हणाल्या, "तू त्याला ओळखलं होतंस."

"हो."

"मग गाडी का थांबवली नाहीस?"

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. थांबायला मला तरी कुणाची परवानगी लागत होती का?

पुढच्या फेरीआधी त्या शेतावर गेल्या. "चल माझ्याबरोबर. सगळ्यांना सांगते, हा माझा भाऊ."

तानिएलू कोयत्याने नारळ फोडत होता. "कापून दाखवायला मी काय नीरफणस आहे?" तो म्हणाला. बाई तशाच परतल्या.

मातालेनाच्या गावात त्या एकट्याच बोलायला उभ्या राहिल्या. फणस आणला नव्हता. "मागच्या वेळी तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोलले. चष्मा घेऊन आला तो माझा भाऊ. चौदा वर्षं आजारी आहे. मी त्याला लपवते."

मग मातालेना म्हणाली, "ते आम्हाला तेव्हाच कळलं. नाक एकच आहे तुम्हा दोघांचं. तुम्ही कधी बोलता, ते आम्ही बघत होतो."

बायका हसल्या, आणि मला वाटलं निभावलं. तेवढ्यात सिएनी नावाची एक बाई उठली. तिची मुलगी दोन महिन्यांपूर्वी बाळंत झाली होती. "त्या दिवशी मी मुलीचं सांगणार होते," ती म्हणाली. "ती बाळाला हात लावत नाही, समुद्राकडे तोंड करून पडून राहते. तुमच्या तोंडून 'देवाच्या दयेने' ऐकलं आणि मी गप्प बसले. म्हटलं, म्हणजे आमच्यावर दया नाही. एक महिना वाया गेला, नर्सबाई."

बाईंनी पिशवी उचलली. त्या सिएनीच्या घरी गेल्या, संध्याकाळपर्यंत त्या मुलीजवळ बसल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घेऊन गेलो. औषध सुरू झालं आणि दोनएक महिन्यांत ती मुलगी बाळाला घेऊन समितीला येऊ लागली. सिएनी मात्र लूपेबाईंशी कामापुरतंच बोलते, अजूनही.

आता राहिला भाऊ. आमच्याकडे मोठा गुन्हा घडला की गुन्हेगाराच्या घरची माणसं पहाटे ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात माफीसाठी डोक्यावर जरीसारखी बारीक विणलेली चटई घेऊन खाली मान घालून बसतात. तो येऊन चटई उचलेपर्यंत उठायचं नाही. हे दोन गावांमध्ये, दोन घराण्यांमध्ये होतं. बहीण भावासमोर बसल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. एका शनिवारी झुंजुमुंजू व्हायच्या वेळी लूपेबाई आईची ठेवणीतली चटई घेऊन शेतावरच्या खोपीसमोर बसल्या. त्यांना मी सोडलं होतं, म्हणून मी पाहिलं.

तानिएलू बाहेर आला आणि गडबडला. "ऊठ. लोक बघतील."

चटईखालून आवाज आला, "बघू दे."

"डुकरांना घालायचंय मला."

"घाल. मी आहे इथे."

तो डुकरांना घालून आला. ऊन वर आलं. शेतावर जाणारी माणसं रस्त्यात थांबून बघू लागली. तो दोनदा आत गेला, दोनदा बाहेर आला. एकदा मान वळवून बराच वेळ काहीतरी ऐकत उभा राहिला. शेवटी आला, चटई उचलली आणि नीट घडी घातली.

"ताई, डोकं तापलं असेल तुझं," तो म्हणाला. "पाणी पी."

त्या रडत होत्या. त्याने ते पाहिलं आणि नारळ काढायला वळला.

तो घरी राहायला काही परत आला नाही. खोपीतच राहतो, पण जेवायला घरी येतो, पाहुण्यांच्या पंगतीत बसतो. लूपेबाई नवीन पाहुण्यांना त्याची ओळख करून देतात तेव्हा अजून त्यांची मान खाली जाते. त्याच्यामुळे नाही, हे मला कळतं.

मी त्याच्यापुढे चटई घेऊन कधी बसलो नाही. बाजारात भेटला की तो माझ्या मुलाबाळांची चौकशी करतो, आणि मी घाईत असल्याचं सांगून निघतो.