वेगळं ताट

चौलच्या एका वाडीत मी नारळ-सुपारीच्या कामाला आहे. गाव लांब, परभणीकडे. शाळा सातवीतच सुटली. मध्यंतरी मला टीबी झाला, तरी मालकांनी हाकललं नाही. मालकीणकाकूंनी तर गोळीची वेळ कधी चुकू दिली नाही.

औषध संपल्यावर एक बाई आल्या. आजारात माणसाला काय काय वाटतं, ते विचारत, लिहून घेत त्या गावोगाव फिरत. माझ्यासारखीच मांडी घालून पोफळीखाली बसल्या. मी अडखळलो की घाई करायच्या नाहीत, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत वाट बघायच्या.

दुसऱ्यांदा आल्या त्या माझंच बोलणं वाचून दाखवायला. "दादा, असंच म्हणालात ना, बघा." सगळीकडे आपलं 'बरं हाय, देवमाणसं हायती.' मधेच त्यांनी वाचलं, "जेवता कुठे, असं विचारल्यावर बराच वेळ गप्प."

"हे कशापायी लिव्हलं? मी तर काईच बोललो न्हाई."

"गप्प राहिलात, तेही सांगणंच की. नको असेल तर काढते."

मी पडवीकडे बघितलं. तिथे कोनाड्यात माझं वेगळं ताट होतं. बरा झालो, तरी वेगळंच.

"काकूंचं नाव येईल?"

"नाही. तुमचंही नाही."

"मग राहू द्या."

त्या फाटकाबाहेर पडल्या आणि काकूंची हाक आली, "ये रे जेवायला! तुला आवडतं म्हणून बिरडं केलंय."

त्याच ताटात त्यांनी हात लांब ठेवून, वरून वाढलं. मान वर करून 'बास' म्हणायचं मला सुचेना. काकू वाढतच राहिल्या.