परत गेलेलं यंत्र

ह्यांना जाऊन महिना झाला, तेव्हा त्यांचं ऑक्सिजनचं यंत्र परत न्यायला दुकानदार सुधाकरराव आले. यंत्र त्यांच्याच दुकानातून घेतलेलं, फिल्टर बदलायलाही तेच येत. आता कंपनी अशी जुनी यंत्रं नव्यासारखी करून थेट मोबाइलवरून विकते.

"मग तुमचं दुकान?" मी विचारलं.

"विकायला कंपनी, वहिनी, आणि जुनं उचलायला आम्ही! पुढच्या महिन्यात बंदच करतोय," ते हसून म्हणाले आणि यंत्र खांद्यावर घेऊन तीन जिने उतरले.

वस्तूंना दुसरा जन्म देण्याची विद्या आपल्याला साधली. माणसं मात्र आपण किती सहज मोडीत काढतो.

तेवढ्यात कंपनीचा संदेश आला, हिरव्या पानाचं चित्र असलेला: यंत्र परत करून आपण कार्बन कमी केलात, आभारी आहोत. आभार माझे मानले होते. खाली सुधाकरराव एकटेच टेंपोत यंत्र चढवत होते.